नर्सरीतून जामाचं रोप घेताय? आधी पानाचा बुडखा बघा

जामाचं रोप घ्यायचंय, कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते की तुम्हाला नक्की कुठला जाम हवाय. कारण आपल्याकडे नर्सरीत जाम, सफेद जाम, गुलाबजाम, वॉटर अॅपल, रोज अॅपल अशा पाट्या लावलेल्या असतात आणि त्या पाट्यांखाली काय ठेवलंय ते त्या पाटीवरून अजिबात कळत नाही, एकाच रोपाला एका नर्सरीत वॉटर अॅपल म्हणतात आणि पुढच्या नर्सरीत रोज अॅपल. झाडं मात्र दोन आहेत. दोघांची फळं वेगळी, चव वेगळी, वाढायची रीत वेगळी आणि लागवडही वेगळी. फळ धरेपर्यंत थांबून मग कळलं की आपल्याला दुसराच हवा होता तर तीन-चार वर्षं हातची जातात, म्हणून रोप फूटभर असतानाच ओळखता आलं पाहिजे, आणि ते येतं.

पहिला म्हणजे आपण बाजारात बघतो तो रसाळ जाम, मेणासारखी चकचकीत साल, वर निमुळता आणि खाली पसरट, पांढरा नाहीतर फिकट हिरवट, आणि हल्ली गुलाबी आणि लाल पण मिळतो. याचं शास्त्रीय नाव सायझिजियम समरांगेन्स, जावा बेटावरच्या समरांग शहरावरून पडलेलं. वसई-पालघरच्या वाड्यांमधून मुंबईच्या बाजारात उन्हाळ्यात येतो तो हाच. दुसरा गुलाबजाम, सायझिजियम जॅम्बोस, फळ गोलसर, पिकल्यावर फिकट पिवळं आणि त्याला चक्क गुलाबपाण्याचा वास. हा बाजारात फारसा दिसतच नाही, कोकणात गोव्यात जुन्या घरांच्या परसात एखादं झाड असतं आणि त्या घरातल्या लोकांनाच त्याचं कौतुक. दोन्ही मूळचे आग्नेय आशियाकडचे, पण आपल्याकडे इतके जुने की परके वाटत नाहीत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात जांबांवर लिहून ठेवलंय. मी पुढे पहिल्याला पांढरा जाम आणि दुसऱ्याला गुलाबजाम म्हणते, पांढरा म्हटलं तरी त्यात लाल-गुलाबी वाणही आले हे लक्षात ठेवा, जात तीच.

आता ओळखायचं कसं ते.

आधी हे झाड मुळात या कुळातलं आहे ना हे बघून घ्या, कारण पानं नुसती लांबट हिरवी दिसली म्हणून काही सिद्ध होत नाही. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही सगळी मंडळी याच कुळातली, मिर्टेसी. एक जून झालेलं पान तोडा आणि उन्हाकडे धरा. पानात बारीक बारीक उजळ ठिपके दिसतील, त्या तेलाच्या ग्रंथी. मग पानाची कड बघा, मधल्या शिरेपासून निघालेल्या बारक्या शिरा कडेपर्यंत जात नाहीत, कडेच्या थोडं अलीकडे एकमेकींना मिळून कडेला समांतर अशी एक रेघ तयार करतात. आणि फांदीवर पानं समोरासमोर जोडीने येतात. हे तिन्ही जमलं की झाड जामा-जांभळाच्या गोतावळ्यातलं. पण हे तिन्ही दोन्ही जामांत सारखंच असतं, त्यामुळे इथे थांबू नका.

खरा निकाल लागतो पानाच्या बुडख्याशी, म्हणजे पान जिथे देठाला चिकटतं तिथे. पांढऱ्या जामाचं पान बुडाशी गोल असतं, कधी कधी तर दोन्ही बाजूंनी किंचित आत वळून खाच पडल्यासारखं दिसतं, आणि देठ इतका आखूड की पान थेट फांदीला चिकटवल्यासारखं वाटतं, जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर आणि तोही जाडसर. गुलाबजामाचं पान बुडाशी निमुळतं होत जातं आणि मग त्याला नीट दिसणारा बारीक देठ असतो, साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर, कधी थोडा जास्त. मी स्वतः नर्सरीत गेले की रोपाची उंची, नवी पालवी, पाटी काहीच बघत नाही, सरळ वाकून तिसऱ्या-चौथ्या जोडीतलं एक जून पान बोटाने उचलते आणि त्याचा बुडखा बघते, पान आणि फांदीच्या मध्ये बारीक देठ नीट दिसला तर गुलाबजाम, पान थेट फांदीला चिकटल्यासारखं दिसलं तर पांढरा जाम. कोवळं पान घेऊ नका, कोवळ्या पानाचा आकार अजून पक्का झालेला नसतो. आणि नवी पालवी लालसर आहे म्हणून गुलाबजाम असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, लालसर पालवी दोघांनाही येते.

दुसरी खूण पानाची लांबी-रुंदी. गुलाबजामाचं पान अरुंद, लांब आणि टोकाला बारीक होत गेलेलं, लांबी रुंदीच्या साधारण चौपट भरते. पांढऱ्या जामाचं पान रुंद आणि भरदार, लांबी रुंदीच्या दुप्पट-अडीचपट, आणि टोक तितकं निमुळतं नाही. जून पानं दोघांचीही 20-25 सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून नुसतं पान मोठं की छोटं यावर जाऊ नका, प्रमाण बघा. सावलीत ठेवलेल्या रोपांची पानं जरा पसरट होतात त्यामुळे प्रमाणात थोडा फरक पडतो, पण बुडखा आणि देठ खोटं बोलत नाहीत, शंका आली की परत तिथेच या.

झाड मोठं असेल आणि फुलावर असेल तर मग प्रश्नच नाही. गुलाबजामाचं फूल इतकं मोठं असतं की पहिल्यांदा बघणारा थबकतोच, 5 ते 10 सेंटीमीटर रुंद, पाकळ्या चारच आणि त्याही लक्षात न येणाऱ्या, पण मधून शेकडो पुंकेसर सगळीकडे फाकलेले, एकेक पुंकेसर 4 सेंटीमीटरपर्यंत लांब, हिरवट-पांढऱ्या रंगाचे, अगदी दाढीच्या ब्रशसारखं दिसतं. आणि ही फुलं फांदीच्या शेंड्याला येतात, चार-पाचच्या झुपक्यात. पांढऱ्या जामाची फुलं रचनेने तशीच पण निम्म्या आकाराची, अडीच ते चार सेंटीमीटर, आणि ती नुसती शेंड्यालाच नाही तर पानांच्या बगलेत आणि पानं झडलेल्या जुन्या फांद्यांवर पण लटकतात, एका घोसात तीनपासून तीसपर्यंत. म्हणूनच पांढऱ्या जामाच्या झाडाखाली उभं राहून वर बघितलं की आतल्या उघड्या फांद्यांना फळांचे घोस लटकलेले दिसतात, आणि गुलाबजामाची फळं शोधायला बाहेरच्या टोकांकडे बघावं लागतं. सकाळी लवकर जा, मधमाश्यांचा नुसता गुणगुणाट असतो दोन्हीवर.

फळ हातात आलं तर ते कानाजवळ धरून हलवा. पिकलेलं गुलाबजामाचं फळ आतून पोकळ असतं आणि त्या पोकळीत एक ते तीन तपकिरी बिया सुट्या असतात, त्या चक्क खुळखुळतात. पांढरा जाम खुळखुळत नाही, त्याच्या मध्यभागी कापसासारखा स्पंजी गर असतो आणि बी एखादं-दुसरं, पुष्कळदा नसतंच. गुलाबजामाच्या फळाच्या खालच्या टोकाला चार हिरव्या निदलांचा, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांचा, मुकुट ठळक उभा राहतो, पांढऱ्या जामात तो भाग मांसल होऊन आत वळलेला असतो. बरं, गुलाबजामाची बी खायची नाही, मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, बी विषारी मानतात.

इथे एक सांगून ठेवते. कधी कधी झाडाखाली गडद गुलाबी, जवळजवळ राणी रंगाचा केसरांचा सडा पडलेला दिसतो आणि लोक म्हणतात हा लाल जाम. तो या दोघांतला नाही, तो मलाक्का जाम, सायझिजियम मलाक्केन्स, त्याची पानं आणखी मोठी आणि गडद असतात. लाल फळाचा जाम हवा असेल तर फुलाचा रंग विचारा, फूल पांढरं म्हणाले तर तो आपल्या पांढऱ्या जामाचाच लाल वाण, फूल गुलाबी म्हणाले तर मलाक्का.

आता कुठला लावायचा. माझं मत स्पष्ट आहे, नुसतं फळ खायला हवं असेल, जागा कमी असेल, गच्चीवर ड्रममध्ये लावायचं असेल तर पांढरा जाम घ्या. भर मे महिन्यात फ्रीजमधला गार जाम चार फोडी करून वर तिखट-मीठ भुरभुरून खाल्ला की घशाला जे वाटतं ते दुसऱ्या कुठल्या फळाने वाटत नाही, त्यात 90 टक्के तर पाणीच असतं. चव सौम्य असते, काहींना ती पांचट वाटते, त्यांच्यासाठी लाल वाण जास्त गोड. तैवान आणि थायलंडमध्ये यावर खूप काम झालंय, तैवानचा गडद लाल ब्लॅक पर्ल तर प्रसिद्धच आहे, पण आपल्या हवेत तसाच गडद रंग आणि तशीच गोडी येईल असं धरून महागडं रोप घेऊ नका, रंग आणि साखर दोन्ही ऊन, पाणी, थंडी यावर ठरतं.

गुलाबजाम लावायचा तो वासासाठी आणि झाडासाठी. त्याचा गर पातळ, कुरकुरीत आणि जरा कोरडाच असतो, पाण्याच्या अपेक्षेने खाल्लात तर निराश व्हाल, पण पहिला घास घेतल्यावर नाकातून जो गुलाबाचा वास येतो तो फळ संपल्यावरही राहतो. त्याचा खरा उपयोग स्वयंपाकघरात, बिया काढून फोडी साखरेच्या पाकात मंद शिजवल्या की वास पाकात उतरतो आणि ते सरबताला वापरता येतं. नुसत्या गुलाबजामाचा मुरंबा केला तर तो फिक्कट लागतो, लिंबू पिळावंच लागतं. झाड म्हणून मात्र देखणं, बारमाही हिरवं, फांद्या आडव्या पसरणाऱ्या आणि सावली गर्द. परसात किंवा कुंपणाच्या कडेला 20 फूट मोकळी जागा असेल तर जरूर लावा. थोडी थंडी पण सोसतो, म्हणून घाटमाथ्यावर पांढऱ्या जामापेक्षा हा बरा.

फक्त एक विनंती आहे. तुमची जागा जंगलाला किंवा ओढ्याला लागून असेल तर गुलाबजाम लावू नका. सावलीतही त्याची रोपं रुजतात, आणि हवाई, रियुनियन, गॅलापागोस अशा बेटांवर तो बागेतून जंगलात घुसून तिथल्या झाडांची जागा खातोय. हवाईत तर गुलाबजाम इतका माजला होता की 2005 मध्ये तिथे आलेल्या तांबेऱ्याने, म्हणजे बुरशीच्या रोगाने, त्याची झाडंच्या झाडं वाळवली. आपल्या सह्याद्रीत ओढ्याकाठी आपलीच जांभळं आणि त्यांच्याच गोतावळ्यातली भेडसं आहेत, तिथे ती राहू द्या. तशी जागा असेल तर सरळ जांभूळ लावा, पालघरकडच्या बहाडोलीच्या जांभळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते काही उगाच नाही.

लागवडीत पण दोघांची रीत वेगळी आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गुलाबजाम बियांपासून लावला तरी चालतो, कारण त्याच्या एका बीमधून पुष्कळदा दोन-तीन कोंब निघतात आणि त्यातले बरेचसे आईझाडासारखेच असतात. पण बी साठवायची नाही, वाळली की गेली. फळ खाल्लं, बी धुतली आणि त्याच दिवशी माती-कोकोपीटच्या पिशवीत इंचभर खोल आडवी ठेवली असं करा. एका पिशवीत दोन-तीन कोंब आले तर घाईने उपटू नका, चार-सहा पानं आल्यावर पिशवी फाडून मुळं हलक्या हाताने सोडवा आणि वेगळी लावा, सगळी जगली तर शेजाऱ्यांना द्या. फळ यायला चारेक वर्षं धरून चाला.

पांढऱ्या जामाचं बी लावू नका, बहुतेक वेळा बी सापडणारच नाही आणि सापडलं तरी फळ कसं निघेल ते सांगता येत नाही. याची गुटी बांधायची. जून-जुलैमध्ये पाऊस नीट सुरू झाला की चांगलं फळ देणाऱ्या झाडाची पेन्सिलएवढी किंवा थोडी जाड, तपकिरी झालेली फांदी निवडा, पार हिरवी नको. शेंड्यापासून दीड-दोन फुटांवर धारदार चाकूने गोल दोन काप घ्या, एकमेकांपासून इंच-सव्वा इंचावर, आणि मधली साल पूर्ण काढून टाका. खाली जो बुळबुळीत थर राहतो तो चाकूच्या पाठीने खरवडून काढलाच पाहिजे, तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. वरच्या कापाच्या कडेला रूट हार्मोन पावडर लावा, कारण मुळं तिथूनच फुटतात. मग भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ मूठभर त्याच्याभोवती दाबून बसवा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधा, पावसाचं पाणी आत गेलं की शेवाळ कुजतं. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, ती जरा तपकिरी होईपर्यंत थांबा आणि मगच खालून फांदी कापा. पिशवीत लावताना निम्मी पानं काढून टाका आणि महिनाभर सावलीत ठेवा. अशा गुटीच्या रोपाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ लागतं. त्यामुळे नर्सरीतून पांढरा जाम घेताना पण रोप गुटीचं आहे का बियांचं ते विचारा, आणि नुसतं विचारू नका, बुंध्याशी बघा, गुटीच्या रोपाचा बुंधा खाली एकदम जाड फांदीचा तुकडा लावल्यासारखा दिसतो, बियांचं रोप बारीक सोटासारखं सरळ मातीतून वर येतं.

खड्डा दोघांनाही दोन बाय दोन बाय दोन फुटांचा, शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड, यात विशेष काही नाही. फरक पाण्यात आहे. पांढरा जाम पाण्यावर जगणारं झाड, फुलं आल्यापासून फळ तोडेपर्यंत माती ओलसर राहिली पाहिजे, मध्येच ताण दिला आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं तर फळं गळतात नाहीतर तडकतात. वाडीत पाटाच्या किंवा न्हाणीच्या पाण्याजवळ जाम लावायची पद्धत आहे ती यामुळेच. देशावर उन्हाळी वाऱ्यात लावत असाल तर पश्चिमेकडून आडोसा द्या आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करा. काळ्या मातीत पाणी तुंबत असेल तर उंचवट्यावर लावा. गुलाबजाम एकदा धरला की तितका हट्टी नाही, जांभ्या दगडाच्या जमिनीत पण चांगला येतो. ड्रममध्ये लावायचा तर निम्मा कापलेला ड्रम तरी हवा, आणि दरवर्षी फळं संपली की मधल्या दाटीच्या फांद्या कापून आत ऊन जाऊ द्या, पण जुन्या जाड फांद्या सरसकट छाटू नका, पांढऱ्या जामाची फुलं त्यांच्यावर पण येतात.

राहता राहिली फळमाशी, आणि ती येणारच. फळावर सुईने टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसला की आत अळी आहे असं समजा. फळं करवंदाएवढी झाली की घोसाला कागदी किंवा नॉनवोव्हन पिशवी बांधा, त्याने वटवाघळांपासून पण फळ वाचतं. शिवाय झाडाजवळ मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर फळमाश्यांना वासाने ओढणाऱ्या रसायनाचा, सापळा टांगा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा कोकणात आंब्या-पेरूच्या बागांतून वापरतात तोच इथेही चालतो, पण तो नर माश्या मारतो, त्यामुळे पिशवी बांधायचा कंटाळा करून नुसत्या सापळ्यावर राहू नका. खाली पडलेली फळं रोज उचलून खोल पुरा किंवा पाण्याच्या बादलीत टाका, झाडाखाली कुजू दिलीत तर पुढची पिढी तिथेच तयार होते. तोडताना पांढरा जाम देठासकट कात्रीने कापा, बोटांनी ओढला तर साल फाटते आणि संध्याकाळपर्यंत डाग पडतो. तोडल्यावर फार तर तीन-चार दिवस, तेही फ्रीजमध्ये न धुता ठेवून. गुलाबजाम मात्र पिवळा होऊन वास सुटल्यावरच तोडा, हिरवा असताना तोडलात तर ज्या वासासाठी तो लावला तोच मिळणार नाही.